पाकिटावरची गोदी

सूनबाई किराण्यातून येसुराचं पाकीट आणते आणि ओट्यावर उभं करून ठेवते. मी जाता-येता त्याची पाठ पुढं करते. ती पुन्हा फिरवते. म्हणते, "आत्याबाई, नाव दिसू द्या की, मला धन्याचं पाकीट वाटतंय." मी म्हणते, तुला वाचता येतं, तू मागचं वाच. मला ते तोंड सकाळी सकाळी बघायचं नाही.

त्या पाकिटावर एक बाई आहे. हिरवं लुगडं, नाकात नथ, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, गळ्यात काळी पोत. रंगानं गोरी. हसते. दात सगळे जागेवर. खाली लिहिलंय, 'गोदाकाकूंचा अस्सल येसूर'. त्या बाईला मी कधी भेटले नाही. गोदीला मात्र मी लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून ओळखत होते. तिच्या आणि माझ्या घरात एकच भिंत होती, आणि गोदीच्या आवाजाला ती भिंत पुरत नव्हती.

गोदी काळी होती. उन्हानं रापलेली नव्हे, मुळातच काळी. पुढचा एक दात पडलेला. तिथून ती मिश्रीची थुंकी अशी नेमकी टाकायची की कोंबडी बाजूला व्हायची. नवरा विहिरीच्या कामावर दरड अंगावर येऊन गेला, तेव्हा तिच्या अंगावरची हळद जुनी झाली नव्हती. लेकरू नाही. माहेर बोरीचं. तिथं भावजय दारातच विचारायची, "वन्सं, परतीची गाडी कवाची हाय?" म्हणून गोदी इथंच राहिली. मोठ्या दिराच्या घरात, मागच्या खोलीत. राबली, खाल्लं, भांडली. यात रडण्यासारखं काही नाही. आमच्याकडं अशा बाया घरोघर होत्या.

पण येसूर तिच्यासारखा कोणी करत नव्हतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बाजरी, हरभऱ्याची डाळ, गहू, तांदूळ, धने, खोबरं, मिरच्या आणि काळा मसाला, असं सगळं वेगवेगळं भाजायचं, मग एकत्र कुटायचं. आमटीत टाकलं की आमटीला अंग येतं. आमच्या भागात लग्नाच्या पंगतीला येसुराची आमटी नसेल तर पाहुणे जेवून उठतात, पण जेवल्यासारखे उठत नाहीत.

भाजताना गोदी बोलत नसे, आणि एरवी गप्प बसत नसे. मिरच्या परतायला घेतल्या की गल्लीत सगळे खोकायचे. ती नाही. कोणी शिंकलं की म्हणायची, "शिंकायचं असंल तर येशीच्या भाईर जा. माझ्या मसाल्यावर कामून?" कोणी कृती विचारली तर सगळी सांगायची, काही लपवायची नाही. शेवटी एवढंच म्हणायची, "भाजून झालं असं वाटलं की आनखी थोडं भाजा. तुमाला लय लवकर वाटतंय." बाया घरी जाऊन करायच्या, आणि त्यांना लवकरच वाटायचं.

तिच्या तोंडी एक बोलणं कायम होतं. "माझं काय जातंय?" कुणी तिच्या वाटणीची भाकरी खाल्ली, माझं काय जातंय. दिरानं तिची शेळी विकली, माझं काय जातंय. जेव्हा खरोखर काही जात असे तेव्हाच ती हे म्हणायची, हे मला कळायला बरीच वर्षं लागली.

लग्नघरी तिला बोलावणं असायचंच. पण त्याची एक रीत होती. उखळ शेणानं सारवायचं, मुसळाला आंब्याची पानं आणि हळकुंड बांधायचं, पाच सुवासिनींनी मुसळाला हात लावून पहिले घाव घालायचे. हळदी-कुंकू व्हायचं, गाणी व्हायची. तोवर गोदी गोठ्याच्या दाराशी उभी. दारातली म्हैस आणि ती, दोघी बघत असायच्या. पाच जणींचे घाव म्हणजे कसले, बांगड्या वाजेपर्यंत. मग त्या हसत बाजूला झाल्या की गोदी यायची. "झालं का तुमचं? सरका." पदर कमरेला खोचायचा आणि दुपार कलेपर्यंत एकटीनं कुटायचं. पंगतीत लोक बोटं चाटायचे आणि यजमानीणबाई सांगायची, "आमच्या पाच जणींनी केलाय."

एकदा मी विचारलं, "गोदे, तुला राग न्हाई येत?"

"कशाचा?"

"दारात उभं करतेत."

"म्हशीला येतोय का?" ती म्हणाली. "तिच्या दुधाचाच च्या पितेत ना समद्या."

दिलीप तिच्या त्या मोठ्या दिराचा मुलगा. परभणीला कॉलेज शिकला, नोकरी लागली नाही, परत आला. पोरगा वाईट नव्हता. आजही मी त्याला वाईट म्हणत नाही. त्याच्या डोक्यात आलं की काकूचा येसूर विकायचा. आधी साध्या पन्नीत भरून, वर दोरा बांधून, सेलूच्या आणि वालूरच्या दुकानांत ठेवला. दुकानदारांनी तो मागच्या फळीवर, उंदराच्या औषधाशेजारी ठेवला. कोणी घेतला नाही. एका दुकानात मी स्वतः बघितलं, बाई हातात घेते, वास घेते, "चांगला हाय की," म्हणते, आणि खाली ठेवून शेजारचं चकचकीत पाकीट घेऊन जाते. वासाचं नाक आणि घेणारा हात, हे दोन वेगळ्या माणसांचे असावेत असं.

दिलीपला परभणीत कोणीतरी पाकीट बनवणारा भेटला. त्यानं सांगितलं, पाकिटावर बाई पाहिजे. गावची बाई, जिनं केलंय ती बाई. दिलीपनं गोदीला अंगणात बसवून फोटो काढला. तिला मजा वाटली. नीट बसली, पदर घेतला, आणि दात नाही म्हणून तोंड मिटून बसली. उघडं कपाळ, उघडा गळा, हात दोन्ही उखळावर. चांगला फोटो होता. तसंच पाकीट निघालं. थोडंच छापलं.

सेलूचा दुकानदार म्हणाला, "दिलीपभाऊ, हे लग्नाच्या मसाल्याचं पाकीट हाय की दहाव्याचं? बिनकुंकवाची बाई घरात कोण घेऊन जाईल?" वालूरचाही तेच म्हणाला. पाकिटं परत आली. दिलीपनं ती तिला दाखवली नाहीत. पण माझ्यासारख्या बाया पाकिटं भरायला येत होत्या, आमच्याकडून तिला कळलंच.

पुढच्या खेपेला नवं पाकीट आलं. हिरवं लुगडं, नथ, पोत, कुंकू. दिलीपनं ते तिच्या हातात दिलं आणि तो तिच्या तोंडाकडं बघत उभा राहिला. मी तिथंच धने निवडत बसले होते.

तिनं पाकीट लांब धरलं, जवळ आणलं, परत लांब धरलं. "ही कोण?"

"तुमीच काकू."

"दात कुठून आणला?"

"कॉम्प्युटरवर बसविला."

"आणि ही गोरी?"

"ते... उजेडानं दिसतंय तसं."

"आन कुकू?"

दिलीप खाली बघायला लागला. "तेबी कॉम्प्युटरनंच."

"कॉम्प्युटर माझा कोण लागतो?"

मी हसले. दिलीपही हसला, सुटल्यासारखा. गोदी हसली नाही. पाकीट तिनं फडताळावर ठेवलं आणि म्हणाली, "लाव, लाव. माझं काय जातंय."

ते पाकीट चाललं. असं चाललं की दिलीपनं अंगणात पत्र्याचं शेड टाकलं, भाजायला फिरता ड्रम आणला, दळायला यंत्र आणलं. आता मिरच्या बाहेरून येऊ लागल्या, पोत्यांनी. बाजरी तीच, डाळ तीच, पण सगळं एकाच ड्रममध्ये एकाच वेळी. गोदी पहिल्या दिवशी ड्रमपाशी गेली, हात घालून चिमूट काढली, दाताखाली चावली. दात शाबूत होते त्या बाजूनं. "कच्चं हाय," म्हणाली. दिलीप म्हणाला, "काकू, जास्त भाजलं की रंग काळा येतो. पाकिटावरच्या चित्रात लाल हाय. लोक रंग बघतेत." तिनं दोन-चारदा सांगून पाहिलं. मग दिलीपच्या बायकोनं, वैशालीनं, तिचं शेडमध्ये येणंच बंद केलं. नीट बोलून, चहा देऊन. "काकू, तुमी आता आराम करा. लय केलंय तुमी."

आराम म्हणजे काय, ते आम्हाला हळूहळू कळलं. गोदीनं नळावर भांडायचं नाही, कारण माल घ्यायला गाड्या येतात आणि गाडीवाले तिला ओळखतात. डोक्यावर शेणाची पाटी घ्यायची नाही. वालूरच्या बाजारात पूर्वीसारखी पथारी मांडून बसायचं नाही. मिश्री बाहेर थुंकायची नाही. वैशाली दारात येऊन हळूच म्हणायची, "काकू, लोक बघायलेत." तिच्या मागच्या खोलीत खोकी रचली होती, वरपासून खालपर्यंत, आणि प्रत्येक खोक्यावर ती बाई. खाटेवर पडलं की चहूकडून तीच. गोदीनं एकदा सगळी खोकी फिरवून भिंतीकडं तोंड करून ठेवली. हमालानं ती पुन्हा सरळ केली. नाव दिसायला पाहिजे, गाडी भरताना गोंधळ होतो.

"कसं वाटतंय गं?" मी भिंतीवरून विचारायची.

"समद्या मिळून बघायलेत माझ्याकडं," ती म्हणायची. "एक बी बोलत न्हाई."

परभणीला बचत गटांचं प्रदर्शन भरलं तेव्हा दिलीपनं तिथं दुकान लावलं आणि तिला नेलं. सोबतीला मला नेलं, कारण ती एकटी यायला तयार नव्हती. सकाळी वैशालीनं तिला हिरवी साडी नेसवली. दाबाची नथ नाकाला लावली. काळी पोत घातली. मग टिकलीचं पाकीट काढलं. गोदी भिंतीला टेकली आणि तिनं डोळे मिटून घेतले, इंजेक्शन घेताना लेकरू मिटतं तसे. वैशालीनं टिकली चिकटवली. इतक्या वर्षांनी तिच्या कपाळावर काही चढलं आणि ते चढलं मसाला विकायला.

दुकानापुढं तिला पाटावर बसवलं. समोर उखळ, हातात मुसळ. उखळात मसाला नव्हता, धन्याचा भुसा होता. आवाज यावा म्हणून. कुटायचं, लोक थांबले की हसायचं, लोक गेले की थांबायचं. शहरातल्या बाया यायच्या, तिच्या खांद्याला खांदा लावून मोबाइलवर फोटो काढायच्या. एकीनं तर पाकीट तिच्या गालाशी धरलं आणि म्हणाली, "अय्या, खरंच त्याच आहेत!" खरंच का, हे तिनं पाकिटाला विचारलं होतं. गोदीकडं बघून ठरवलं नव्हतं.

चष्म्याची एक बाई फार प्रेमात आली. पाटाजवळ उकिडवी बसली. "आजी, आजोबांना तुमच्या हातचं काय आवडतं हो?"

दिलीप मागून खाकरला.

"ते खात न्हाईत," गोदी म्हणाली.

"म्हणजे?"

"उपास असतो त्यांचा."

"आज? आज कसला उपवास?"

"कायमचाच हाय," गोदी म्हणाली आणि मुसळ घातलं.

बाईला वाटलं, आजोबा कोणी मोठे भक्तिभावाचे आहेत. तिनं हात जोडले आणि पिशवीभर पाकिटं घेतली. ती लांब गेल्यावर मी पदर तोंडात घालून हसले. गोदी माझ्याकडं बघत नव्हती. ती भुसा कुटत होती.

परत येताना टेंपोत बसली की ती आधी टिकली काढायची. फेकायची नाही. टेंपोच्या काचेवर चिकटवायची. नंतर बरीच प्रदर्शनं झाली. जिंतूर, गंगाखेड, पार नांदेडपर्यंत. काचेवर टिकल्यांची रांग झाली. ड्रायव्हर म्हणायचा, "काकू, माझी गाडी सवाष्ण केलीत तुमी." ती म्हणायची, "तिला लागू दे. तिचा मालक हाय."

गावात मात्र ती उघड्या कपाळानंच असायची. त्यामुळं गावातल्या लेकरांना दोन गोद्या माहीत होत्या. शेजारची एक बारकी पोर तिच्या तोंडाकडं बघून विचारायची, "आजी, तुमी पाकिटावर जाताव तवा दात कुठून आणताव?" तेवढं एक गोदीला आवडायचं. "तिकडंच ठिवलाय," म्हणायची. "इकडं आणला की हरवतो."

मग सुमनबाईच्या घरचं लग्न आलं. सुमनबाई आमच्याच गल्लीतली, मोठ्या वावराची, नातीचं लग्न. नवरदेव राणीसावरगावचा. येसूर आता कोणी घरी कुटत नाही. पाकीट आणायचं. पण रीत मोडायची नाही, म्हणून उखळ सारवलं, मुसळाला पानं बांधली, आणि उखळाशेजारी पाटावर 'गोदाकाकूंच्या येसुराची' पाकिटं मांडली. वरचं पाकीट उभं, भिंतीला टेकवून. पाच सुवासिनी बसल्या. गोदी नेहमीप्रमाणे गोठ्याच्या दाराशी. म्हैस विकून झाली होती, तिथं आता मोटारसायकल उभी असते. गोदी मोटारसायकलीशेजारी उभी.

पहिल्या बाईनं उखळाला हळदी-कुंकू वाहिलं. मुसळाला वाहिलं. मग तिच्या हाताला वळणच पडलं असावं म्हणा, तिनं पाकिटावरच्या बाईच्या कपाळालाही कुंकू लावलं. दुसरीनं लावलं. तिसरीनं हळद लावली आणि ओटीचे तांदूळही वाहिले. कुणाला काही वाटलं नाही. समोर बाई आहे, कपाळावर कुंकू आहे, सवाष्ण आहे, तिला सोडून पुढं कसं जायचं? गाणं चालू होतं. माझ्या ध्यानात आलं तेव्हा मी गोठ्याकडं बघितलं.

गोदी पुढं आली. पाचव्या बाईचा हात पाकिटावर होता. गाणं थांबलं.

"झालं का लावून?" गोदी म्हणाली.

पाचवीनं हात मागं घेतला.

"तिला लावलंय ना समद्यांनी? आता तिलाच म्हना कुटायला."

एक तरणी पोर फिसकन हसली आणि लगेच गप्प झाली. सुमनबाई म्हणाली, "गोदे, असं काय करती. तूच की ती."

"मी? मग लाव मला." गोदीनं कपाळ पुढं केलं.

सुमनबाईच्या हातात कुंकवाचा करंडा होता. चिमूटही भरलेली होती. हात पुढं आला नाही. तिनं चिमूट परत करंड्यात झटकली आणि म्हणाली, "लग्नघर हाय बाई. आज नको."

गोदी घरी गेली. पहिल्यांदाच ती लग्नघरातून न कुटता, न जेवता गेली. कुटायचं तसंही काही नव्हतं.

त्याच संध्याकाळी ती शेडमध्ये दिलीपपुढं जाऊन उभी राहिली. आम्ही पाकिटं भरत होतो, सगळ्यांनी ऐकलं.

"दिलीप, माझं तोंड काढ त्याच्यावरलं."

"काय झालं काकू?"

"काढ म्हणलं. न्हाईतर मी हाय तसं छाप."

दिलीपनं ऐकलं, हे मी मुद्दाम सांगते. त्यानं एक खेप बिनतोंडाची छापून आणली. नुसतं उखळाचं चित्र आणि नाव. मसाला तोच, शेड तेच. पाकिटं गेली तशी परत आली. दुकानदार म्हणाले, नकली आहे. गिऱ्हाईक म्हणतं, गोदाकाकूचं द्या, हे कोणाचं देताय? एका ठिकाणी तर बाईनं घरी नेलेलं, फोडलेलं पाकीट परत आणून दिलं, चव वेगळी लागते म्हणून. दिलीपनं परत आलेली खोकी गोदीच्या खोलीपुढं रचली.

"काकू, मी काय करू सांगा. लोक तुमालाच मागायलेत."

"मला न्हाई मागत," गोदी म्हणाली. "तिला मागतेत."

"तिच्यावर ही समदी घरं चालायलीत." त्यानं आमच्याकडं हात केला.

आमच्यातली शांता पाकिटाचं तोंड यंत्रात दाबत होती. मान वर न करता ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे की गोदाबाई. तुमचं काय जातंय?"

शांता वाईट बोलली असं मला वाटत नाही. तिच्या घरात चूल त्या मजुरीवर पेटत होती. पण गोदीनं तिच्याकडं असं बघितलं, जणू स्वतःचाच आवाज दुसऱ्या खोलीतून ऐकू आला. त्यानंतर हे बोलणं तिच्या तोंडी मी पुन्हा ऐकलं नाही. पुढच्या खेपेला ती बाई पाकिटावर परत आली. दातासकट.

पुढं दिलीपनं बिऱ्हाड परभणीला हलवलं. तिलाही नेलं. मागं ठेवून काय करायचं होतं, आणि पाकिटावरची बाई पत्र्याच्या खोलीत एकटी राहते असं कोणी बघितलं असतं तर? शहरात ती फार काळ जगली नाही. मला चार दिवसांनी कळलं. पाकीट अजून निघतं. प्रदर्शनात आता दुसरी एक बाई बसवतात म्हणे, लुगडं आणि नथ तीच. कोणी ओळखत नाही. किंवा सगळे ओळखतात, कसंही म्हणा.

जायच्या आधीचा तिचा एक दिवस मात्र मला सांगायचा आहे. मी तिला नीट बघितलं ते तेव्हाच शेवटचं.

दिलीप आणि वैशाली घर बघायला परभणीला गेले होते. गोदीनं परसात तीन दगडांची चूल मांडली आणि येसूर भाजला. एकेक जिन्नस वेगळा, जुन्या तव्यात. गल्ली खोकली. मी भिंतीवरून बघत होते. तिनं भाजलं, झालं असं वाटलं, आणि आणखी भाजलं. माझ्या उखळात कुटलं. रंग काळपट आला. दुसऱ्या दिवशी वालूरचा बाजार होता. तिनं डबा भरला, वरून फडकं बांधलं आणि मला म्हणाली, "येतीस का?"

बाजारात तिची जुनी जागा कांदेवाल्यानं घेतली होती. त्यानं थोडं सरकून दिलं. गोदीनं पोतं अंथरलं, डबा उघडला आणि पदर सारखा करून बसली. उघडं कपाळ, पडका दात, मिश्री. कोणी ओळखलं नाही. समोरच किराण्याचं दुकान होतं, दारावर मोठा बोर्ड, बोर्डावर ती. बोर्ड एवढा मोठा की नथेतला एकेक मोती दिसत होता. गोदी बरोबर त्याच्या समोर बसली होती, पण तिनं वर बघितलं नाही.

वासानं लोक थांबत होते. थांबायचे, वाकायचे, पुढं जायचे. दुपारकडं एक तरणीताठी सून आली. नवरा मोटारसायकल चालू ठेवून उभा. तिनं चिमूट घेतली, हुंगली, जिभेवर टेकवली.

"मावशी, लय भारी हाय. माझी आज्जी करायची तसा."

"घे मग," गोदी म्हणाली.

पोर घोटाळली. डब्याकडं बघितलं, पोत्याकडं बघितलं, गोदीच्या कपाळाकडं बघितलं. "पर सुटा हाय ना. घरी पावणे येणारेत. अस्सल पायजे."

"बरं."

ती समोरच्या दुकानात गेली आणि पाकीट घेऊन बाहेर आली. मोटारसायकलीकडं जाताना तिची पावलं थांबली. तिनं हातातल्या पाकिटाकडं बघितलं, गोदीकडं बघितलं. मला वाटलं, आता ओळखते. गोदीनंही मान वर केली. तिच्या तोंडावर काय होतं ते मी सांगू शकत नाही. पण हातातली मिश्रीची डबी तिनं खाली ठेवली.

पोर परत आली, वाकली. "मावशी, राग मानू नका. ही तुमची कुणी हाय का? नाक लय सारखं वाटतंय."

गोदीनं हात पुढं केला. पोरीनं पाकीट दिलं. गोदीनं ते लांब धरलं, जवळ आणलं, पुन्हा लांब धरलं. अंगठ्यानं त्यावरची धूळ पुसली.

"बहीण हाय," ती म्हणाली. "थोरली."

"आन मंग तुमी अशा उघड्यावर कामून बसायलाव? तिचं तर केवढं मोठं नाव हाय."

गोदीनं पाकीट तिच्या हातात परत दिलं.

"तिचा नवरा जिता हाय," ती म्हणाली आणि डब्यावर फडकं बांधायला लागली.